आजोबा विंचू उतरवायचे. मग ते पण भोंदूच का?

पडवीकर
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचतो, आज लिहायला बसलो कारण परवा ऑफिसात डबा खाताना एकजण बोलला 'मांत्रिक म्हणजे सगळे चोर, एकजात आत टाकले पाहिजेत' आणि मला पुढचा घास गेला नाही. आमचे आजोबा विंचू उतरवायचे. गाव पोलादपूर तालुक्यात, वाडी वर डोंगरात, एसटी खालच्या फाट्यावर सोडायची आणि तिथून तासभर चढ. पावसाच्या तोंडावर नाहीतर झोडणीच्या दिवसांत विंचू कुठेही, पेंढ्यात, लाकडाच्या माच्यात, कौलात, चपलेत. रात्री-बेरात्री माणूस पाठुंगळी मारून आणायचे. आजोबा उठायचे, चूळ भरायचे, निरगुडीचा डहाळा घ्यायचे आणि विचारायचे, ठणका कुठवर आला? मांडीपर्यंत. मग पुटपुटत वरून खाली झाडायचे. आता? गुडघा. आता? घोटा. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, कंदील धरायचं काम माझं, त्यामुळे ऐकीव नाही सांगत. बोंबलत आलेला माणूस दीड-दोन तासांनी चहा पिऊन स्वतःच्या पायाने उतरून गेलेला बघितलाय, एकदा नाही पन्नास वेळा. पैसा कधी घेतला नाही, घेतला की विद्या जाते म्हणायचे, नारळसुद्धा देवळात ठेवायला लावायचे. बाबांना मात्र हे अजिबात पटायचं नाही, पेशंट आला की ते बॅटरी घेऊन बाहेर पडायचे ते पार उजाडता परत. आजोबा आणि बाबांचं त्यावरून बोलणं कधी ऐकलं नाही मी, पण मला ते तेव्हापण समजायचं.
तर प्रश्न असा की जे मी बघितलं ते काय होतं? आणि ते खोटं असेल तर पन्नास माणसं बरी कशी झाली?

कोरा_चहा
पन्नास माणसं बरी झाली कारण विंचू चावलेली बहुतेक माणसं बरीच होतात. संपला धागा 😀
ओके, नीट सांगतो. विंचू चावला की कळ वर चढते, काही तास कहर असतो, मग आपोआप ओसरते. साधारण चोवीस तासांत बहुतेकांचं संपतं. आजोबांकडे माणूस पोचेपर्यंत तास-दोन तास गेलेले, म्हणजे ते झाडायला बसायचे तेव्हा ठणका उतरणीलाच लागलेला असायचा. उतरणीवर गाडी न्यूट्रलला टाकली तरी पळते हो, ड्रायव्हरचं कौतुक कशाला.

अडाणी_आत्मा
आले विज्ञानवाले. साहेब तुम्हाला चावलाय का कधी विंचू? मला चावलाय, शेतात, ऊस तोडताना. चोवीस तासांत ओसरते म्हणून सांगायला सोप्पंय एसीत बसून. मला आमच्या इथल्या म्हाताऱ्याने अर्ध्या तासात उतरवला, त्याच दिवशी दुसऱ्याला चावलेला तो दवाखान्यात गेला तो रात्रभर बोंबलत होता. आता बोला.

कोरा_चहा
बोलतो की. दोघांना चावलेला विंचू एकच होता का? नाही ना.
काळा मोठा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, दिसायला राक्षस पण जिवाला सहसा धोका नाही. मारतो तो छोटा तांबडा, बोटाएवढा, ज्याला बघून लोक म्हणतात हा काय करणार. गावात सगळे कुठला विंचू होता ते बघतच नाहीत, चप्पल घालून ठेचतात आणि मोकळे होतात.

कंपाऊंडर_नाना
मी रायगडातच सरकारी आरोग्य केंद्रात औषधं वाटण्यात आयुष्य घालवलं, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणणार होतो पण ते म्हटलं की दोघेही माझ्यावर येतात हा अनुभव आहे.
पडवीकर, तुमच्या आजोबांच्या डहाळ्यात काहीतरी होतं हे मी मान्य करतो, मंत्र सोडा. गुडघा आपटला तर आपण पहिलं काय करतो, चोळतो. चोळल्याचा स्पर्श मेंदूकडे जातो तो दुखण्याच्या निरोपाला वाटेत अडवतो, दुखणं तेवढं कमी जाणवतं, हे पुस्तकात आहे. वर 'आता कुठवर आलं' असं कोणी खात्रीने विचारत राहिलं की माणसाचं लक्ष उतरण्याकडे लागतं, भीती कमी होते, छातीची धडधड कमी होते. अडाणी_आत्मा खोटं बोलत नाहीयेत, त्यांना बरं वाटलं म्हणजे वाटलंच.
पण दुखणं उतरणं आणि विष उतरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे. तांबड्या विंचवाचं विष अंगात पसरलं की नसांच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडीच राहतात, अंगात ॲड्रेनालिनचा पूर येतो, बीपी भडकतं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. नुसती आग आग होतेय आणि बाकी माणूस ठीक आहे तर बहुतेक वेळा निभावतं. पण उलटी झाली, दरदरून घाम सुटला, हातपाय बर्फासारखे गार पडले, तर तिथे कळ किती आहे ह्याला काही किंमत नाही. मी असं पोर बघितलंय जे अजिबात रडत नव्हतं. आई म्हणत होती, बघा शांत झालं.

निशिगंधा
नाना 😟 शेवटचं वाक्य वाचून कसंतरी झालं.

अडाणी_आत्मा
नाना तुमचा अनुभव मान्य, पण मला एक सांगा, तेव्हा दवाखान्यात तरी काय होतं? सलाईन लावायचे आणि नातेवाईकांना बाहेर बसवायचे. माणूस दगावला की 'आणायला उशीर केलात'. मांत्रिकाकडे मेला तर मांत्रिक भोंदू आणि डॉक्टरकडे मेला तर देवाची इच्छा, हा कुठला न्याय? आणि विज्ञानाला सगळं कळलं होतं तर माणसं मरत का होती?

कंपाऊंडर_नाना
हा प्रश्न बरोबर विचारलात, टोमणा नाही मारत. खरंच काही नव्हतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ ला महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, मूळचे जालना जिल्ह्यातले, तेव्हा त्यांच्याही हातात काही नव्हतं, त्यांच्याही समोर माणसं गेली. फरक काय तो इथून पुढे सुरू होतो. ते पेशंटच्या उशाशी बसून लिहीत गेले. घाम कधी सुटला, बीपी किती, हात गार कधी पडले, कोण वाचलं, कोण गेलं, गेलं तर का गेलं. ती निरीक्षणं १९८२ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, खेड्यातल्या डॉक्टरची! मग त्यांच्या ध्यानात आलं की रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी इथे चालेल. चालली. आधी गंभीर लक्षणं असलेल्या शंभरांतले तीसेक दगावायचे, नंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. गोळी काही मुंबईहून मागवायची भारी वस्तू नव्हती, बीपीवाल्यांना द्यायचीच होती. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, पण आमच्या भागात त्याच्या कितीतरी आधी लोकांनी देव्हाऱ्यात बसवायचे बाकी ठेवले होते.
मांत्रिकाने मेलेल्याची वही ठेवली का? बस, एवढंच.

कोरा_चहा
नाना तुम्ही माझा धागा जिंकून दिलात 🙏

कंपाऊंडर_नाना
मी कोणाच्या बाजूने नाहीये बाबा.

सातबारा_वकील
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात अधिनियम झाला, त्याआधी कित्येक वर्षं ते विधेयक नुसतं ह्या टेबलावरून त्या टेबलावर. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत आणि त्यातली एक नेमकी तुमच्या धाग्याचीच आहे, कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. 'रोखणं' हा शब्द नीट वाचा. मंत्र पुटपुटण्याबद्दल कुणी आत जात नाही. आजोबा जर म्हणत असतील दवाखान्यात जाऊ नका, तर गुन्हा. म्हणत नसतील तर ऑफिसातल्या त्या मित्राला सांगा कायदा वाच.

पडवीकर
धन्यवाद वकीलसाहेब. आजोबा कुणाला जाऊ नका म्हणाले असतील असं वाटत नाही पण जा म्हणालेलं पण मला आठवत नाही. खरं सांगायचं तर जायचं कुठे? रात्री दोन वाजता वाडीतून फाटा, फाट्यावर गाडी नाही, पुढे महाड. विज्ञान होतं पण ते डोंगराखाली होतं.

अडाणी_आत्मा
👏👏 'विज्ञान डोंगराखाली होतं' हे कुणीतरी भिंतीवर लिहा.

बिब्ब्याची_फुली
मी लातूरकडची. विंचवाचं माहीत नाही पण आमच्याकडे भानामती. आमच्या नात्यातल्या एका घरात सहा महिने चाललं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या, मग अंगावर फुल्या, पिठात केस, कपाटातल्या साड्यांना आग. दोन मांत्रिकांनी मिळून एक एकर खाल्लं म्हणजे विकायला लावलं. शेवटी अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते आले. त्यांनी काही मंत्रबिंत्र नाही, घरातल्या एकेकाला वेगळं बसवून बोलले, तासन् तास. तीन दिवसांनी सगळं थांबलं. कोण करत होतं ते त्यांनी घरच्यांनाही सांगितलं नाही आणि सांगतच नाहीत ते, त्यांची पद्धतच आहे.
मला नंतर कळलं कोण ते. एकोणीस वर्षांची सून होती ती आणि तिला माहेरी जाऊ देत नव्हते दीड वर्ष. बिब्बा उतला की कातडीवर काय होतं ते कोकणातल्यांनी काजूच्या सालीच्या तेलावरून ओळखावं, दोन्ही एकाच कुळातले. आगीचं म्हणाल तर पिवळसर फॉस्फरस ओल्या फडक्यात असतो तोवर गप्प, फडकं वाळलं की पेट घेतो, तोवर ठेवणारी बाई विहिरीवर पोचलेली असते. शास्त्र एवढंच आहे हो. पण शास्त्र कळून काय, तिला बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून साड्या पेटत होत्या. ह्या धाग्यावर केमिकलचं सांगणारे खूप येतील, तिला माहेरी का पाठवत नव्हते हे कोण विचारणार.

कोरा_चहा
सहमत, आणि ते अंनिसवाल्यांनीच विचारलं, मांत्रिकाने नाही, हे पण लिहा.

बिब्ब्याची_फुली
लिहिलंय की. वाचा नीट.

निशिगंधा
मी मानसोपचार विभागात नर्स आहे, त्यामुळे दोन्हीकडचे शेवटी आमच्याकडेच येतात. अंगात आलं, बाहेरचं आहे, करणी केली, सगळं ऐकते रोज. मला 'मांत्रिक हटाव' हे आता पूर्वीसारखं पटत नाही. गुजरातमध्ये मेहसाण्याजवळ उनावाला मीरा दातार दर्गा आहे, तिथे २००८ पासून दवा-दुआ म्हणून काम चालतं. मुजावर दुआ करतात आणि तिथेच डॉक्टरकडे पाठवतात, दोन्ही एकाच आवारात. माणूस दुआसाठी येतो आणि गोळी घेऊन जातो. मेळघाटात भुमकांना, म्हणजे तिथल्या आदिवासी मांत्रिकांना, पण असंच जोडून घ्यायचा प्रयत्न झाला.
पण मी भाबडी नाहीये. त्याच देशात तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ पेशंट आगीत मेले, पळता आलं नाही म्हणून. आणि मेळघाटात अजून तान्ह्या पोरांच्या पोटावर डम्मा देतात, तापलेल्या लोखंडाचे चटके. ते बघितलं की माझी समजूतदारी संपते.

अडाणी_आत्मा
ताई तुमचं म्हणणं पटलं. मी कुठे म्हणतोय चटके द्या. माझं म्हणणं एवढंच की जो फुकट, चांगल्या मनाने करतो त्याला लुटारूंच्या रांगेत उभं करू नका. निरुपद्रवी आहे ना, राहू द्या.

झाडीतला_माणूस
निरुपद्रवी वर बोलतो. मी गडचिरोलीकडचा. आमच्याकडं ज्याला उतरवता येतं त्याला चढवता पण येतं असं लोकं समजतात. हे तुम्ही कुणीच बोलून नाही राहिले. गावात एक म्हातारी असते, जडीबुटी जाणते, पोरांना बघते, अडल्यानडल्याला सगळे तिच्याच दारात जातात. मग एखाद्या साली दोन पोरं मरतात. मलेरियानं म्हणा, कावीळ म्हणा. कुणीतरी म्हणते तिलाच येते ना हे सगळं. झालं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यात बारसेवाड्यात दोघांना जिवंत जाळलं, एक बाई एक माणूस, जादूटोण्याचा संशय. जाळणारे बाहेरचे गुंडे नव्हते, गावचेच. चंद्रपूरकडं जिवतीत २०२१ ला म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं भानामती करतात म्हणून. नंदुरबारकडं डाकीण ठरवतात. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातले गुन्हे मोजणाऱ्या सरकारी खात्याच्या, रिपोर्टात खुनाच्या कारणांमध्ये जादूटोणा हा वेगळा रकाना आहे, दरवर्षी भरते तो.
जोवर मंत्रानं बरं होते हे खरं आहे तोवर मंत्रानं मरते हेपण खरंच राहणार न भाऊ. अर्धं कसं ठेवाल?

अडाणी_आत्मा
ह्यावर उत्तर नाही माझ्याकडे लगेच. विचार करून लिहितो.

कोरा_चहा
नोंद घ्या मंडळी, तारीख लिहून ठेवा 😀

निशिगंधा
कोरा_चहा, जरा. प्रत्येक ठिकाणी काय.

पडवीकर
मंडळी, काल रात्री झाडीतल्या भाऊंची प्रतिक्रिया वाचली आणि झोप लागेना म्हणून सकाळी आईला फोन केला. म्हटलं आजोबांना कधी कोणी असं काही बोललं होतं का. आई गप्पच. मग म्हणाली तुला कोणी सांगितलं.
जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. १९७९, मी वर्षाचा, आई लग्न होऊन येऊन दोन पावसाळे. खालच्या वाडीतलं सहा वर्षांचं पोर आणलं, दिवाळीच्या आसपास. आजोबांनी झाडलं, पोर रडायचं थांबलं, आजोबा म्हणाले उतरला. घरी नेलं. पहाटे गेलं. आई म्हणते पोराला उचललं तेव्हा अंगातला सदरा ओला होता, ती म्हणाली पण कोणाला तरी, घाम किती आलाय बघा, नव्या सुनेचं कोण ऐकतंय.
त्यानंतर खालच्या वाडीने बोलायला सुरुवात केली की म्हाताऱ्याने उतरवला नाही, चढवला. बांधावरून आधीचं भांडण होतं त्यांचं आमचं, ते जोडलं गेलं. पुढची दोन वर्षं आईला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. विहिरीवर आमची कळशी शेवटची. पुढे काही झालं नाही ते नशीब, झाडीतले भाऊ, तुमचं वाचल्यावर नशीबच म्हणतो.
आणि दुसरं. बाबांचं. मी लिहिलं होतं ना बाबांना पटायचं नाही म्हणून ते बॅटरी घेऊन निघून जायचे. आई हसली फोनवर. म्हणाली तुझा बाबा डोलीला माणसं गोळा करायला जायचा. त्या पोरानंतर आजोबांनीच लावून दिलेलं, पेशंट दारात आला की आधी बाबाने निघायचं, चार माणसं उठवायची, एकाला खाली पाठवायचं फाट्यावर, तिथे जीपवाला होता ओळखीचा. आजोबा तोवर झाडत बसायचे. घाम सुटला, हात गार लागले, की डहाळा खाली ठेवायचे आणि म्हणायचे हा माझ्याने उतरायचा नाही, महाडला न्या. मला झोपायला पाठवायचे त्याच वेळी. म्हणून मला फक्त चहा पिऊन जाणारेच आठवतात.

कंपाऊंडर_नाना
घाम आणि गार हात. म्हाताऱ्याने बरोबर तेच दोन धरले होते. कोणी शिकवलं असेल त्यांना?

पडवीकर
त्या पोरानेच म्हणायचं.

कोरा_चहा
मी सकाळपासून काय लिहू विचार करतोय. पहिल्या प्रतिक्रियेत ड्रायव्हरचं कौतुक कशाला म्हणालो होतो ते मागे घेतो. मंत्राबद्दलचं नाही घेत. डहाळा खाली ठेवला त्या क्षणी आजोबा माझ्या बाजूला आले असं मी धरतो.

अडाणी_आत्मा
तुमच्या बाजूला कशाला येतील? डहाळा उचलला तेव्हा पण तेच होते. लोक त्यांच्याकडे मंत्रासाठी आले म्हणून तर डोलीत बसले, नाहीतर घरीच पडून राहिले असते, 'सकाळी बघू' म्हणत. मंत्र नसता तर बाबा बॅटरी घेऊन गेले कोणासाठी असते?

कोरा_चहा
आणि मंत्र नसता तर १९७९ ला ते पोर...

कंपाऊंडर_नाना
१९७९ ला आमच्याकडे आणलं असतं तरी मी फार काही देऊ शकलो नसतो. तेव्हा मी नोकरीला नवा होतो. ह्यावरून भांडू नका.

झाडीतला_माणूस
पडवीकर भाऊ, एक विचारू. तुमच्या आजोबांनी त्या खालच्या वाडीतल्यांना कधी सांगितलं का की माझ्या मंत्रात तसं काही नाही म्हणून? सांगितलं असतं तर चढवल्याचा आळ पण गेला असता.

पडवीकर
नाही सांगितलं. आईला विचारलं हेपण. ती म्हणाली सांगितलं असतं तर रात्री कोणी आलं नसतं.
आणि ग्रहणात मंत्र देतात म्हणे, नदीत उभं राहून. एका ग्रहणाला आजोबांनी बाबांना हाक मारली होती, शेवटच्या दिवसांत. बाबा म्हणाले मला बॅटरीच बरी.

सातबारा_वकील
नाना, अवांतर प्रश्न. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का नाही हे विचारायचं तर कोणाला विचारायचं? पुढच्या आठवड्यात जातोय, झोडणी सुरू आहे.

कंपाऊंडर_नाना
औषध निर्माण अधिकारी म्हणून जो बसतो त्याला. आहे म्हणाला तर गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी स्वतः बघा.